मदत नेहमीइतकीच

शाळेत तेवीस वर्षं गणित शिकवलं, पण कृपागुण देणं मला कधी जमलं नाही. चौतीसचे पस्तीस करा म्हणून मुख्याध्यापक स्वतः वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचे, पालक घरी येऊन काकुळतीला यायचे, मी ढिम्म. मुलाला एक गुण कमी पडलाय तर तो कमी पडलाय हे त्याला कळू दे, असं माझं म्हणणं. स्टाफरूममध्ये माझ्या मागे मला खडूस म्हणायचे आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी एका खेळावरून पोटच्या मुलीशी अकरा दिवस बोलले नाही, तेव्हा तुम्ही म्हणाल की बाई जरा जास्तच करतेय.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं. तीन आठवड्यांनी ते गेलं आणि उजव्या हाताला मुंग्या आल्या, त्या काही गेल्या नाहीत. फळ्यावर लिहिताना हातात खडू आहे की गळून पडलाय, हे मान वळवून बघावं लागायचं. मानेचे पट्टे, शेक, मालिश असं सगळं करून झाल्यावर एका डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय काढला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव सांगितलं. शरीराचं रक्षण करायला जी यंत्रणा असते, तीच नसांवरचं आवरण कुरतडत बसते, असं त्यांनी समजावून सांगितलं. म्हणजे राखणदारानेच घर फोडायचं. त्या दिवसापासून मला स्वतःच्या शरीराचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

त्या डॉक्टरांनी एक चाचणी घेतली होती. डोळे मिटायला सांगितले आणि उजवा हात समोर, खांद्याच्या उंचीला धरा म्हणाले. मी धरला. आता हात कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, समोर, खांद्याच्या उंचीला. डोळे उघडून बघते तर हात मांडीच्या जरा वर लोंबकळत होता. ताकद कमी झाली हे मला कळलं होतं. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला माझा हात कुठे आहे हेच कळत नाही, हे त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं. ते म्हणाले, हाताकडे बघत काम करत जा. आणि उन्हापासून, चुलीपासून, गरम पाण्याच्या आंघोळीपासून जपा. शरीर तापलं की उरलीसुरली ताकद तेवढ्यापुरती आणखी कमी होते.

चुलीपासून जपा म्हणाले, तेव्हा मला आखाजी आठवली.

माझं माहेर सटाण्याच्या पलीकडे. आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि त्या सणाला लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, घागर पुजतात आणि दुपारी आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी असते. ही पोळी पोळपाटावर संपत नाही. दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून ती थोडी लाटायची आणि मग उचलून हातांवर घ्यायची. या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत ती पसरत जाते, पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, इतकी पातळ की आतलं पुरण दिसावं. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर ती दोन्ही हातांनी एका दमात टाकायची. तिथे अर्धा क्षण जरी एक हात मागे राहिला, तरी पोळी फाटते.

मी अकरा वर्षांची असताना मायने मला हे शिकवलं. आधी महिनाभर पिठाला हात लावू दिला नाही. ओला पंचा दिला आणि तो हातांवर फिरवायला लावला. मग पोळ्या सुरू झाल्या आणि त्या फाटायला लागल्या. फाटली की माय एकच म्हणायची, "गायले टाक." रागावणं नाही, समजूत काढणं नाही. मी गोठ्यात जायची, गायीपुढे पोळी टाकायची आणि परत येऊन दुसरी घ्यायची. त्या उन्हाळ्यात आमची गाय पुरणावर चांगली पोसली. माझ्या उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, खापराचा एक भाजलेला डाग आहे तो त्याच उन्हाळ्यातला.

लग्न होऊन मी नाशिकला आले, नोकरी लागली, पण आखाजीच्या पोळ्या माझ्याच. मी गेल्याशिवाय माय चूल पेटवायची नाही. आजारपणानंतरच्या दोन आखाज्यांना मी नुसती गेले आणि पाटावर बसून रस-पोळी खाऊन आले. वहिनी पोळ्या करत होती. चांगल्या करते ती. मी तिच्या हातांकडे बघायचं टाळायची.

मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या मुलीने गंगापूर रोडवरचं एक फिजिओथेरपीचं क्लिनिक शोधून काढलं. तिथे हाताचा व्यायाम व्हीआरवर करून घेतात म्हणाली. मुलगी बावीस वर्षांची, कॉम्प्युटरचं काम घरूनच करते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा मला न्यायची जबाबदारी तिने आपणहून घेतली. सिडकोतून रिक्षाने जायचं, दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने चढायचं, पाऊण तास खेळायचं आणि खाली येऊन उसाचा रस प्यायचा, असा आमचा क्रम ठरून गेला.

डोळ्यांवर एक जाड काळा चष्मा चढवायचा, डब्यासारखा, बाजूने उजेड येणार नाही असा. उजव्या हाताला पट्ट्याने रिमोट बांधायचा. चष्मा चढला की खोली नाहीशी व्हायची आणि समोर हिरवी बाग यायची, त्यात तीन फळ्यांचं लाकडी मांडणीसारखं काहीतरी आणि त्यावर सफरचंदं. ती एकेक उचलून टोपलीत टाकायची. अख्ख्या द्राक्षांच्या जिल्ह्यात बसून मी सफरचंदं वेचते आहे, याची मी तिथल्या थेरपिस्ट मुलीला यथेच्छ चेष्टा ऐकवली. समोर दिसणारा हातही माझा नव्हता. गोरा, गुळगुळीत, बांगडी नाही, डाग नाही. पण मी हात उचलायचा प्रयत्न केला की तो उचलायचा. सफरचंद टोपलीत पडलं की टाळ्या वाजायच्या आणि एक बाई इंग्रजीत एक्सलंट म्हणायची.

पहिल्या महिन्यात खालची फळी. दिवाळी झाली तोवर मधली. जानेवारीत एका दुपारी तो गोरा हात सरसर वर गेला आणि मी सगळ्यात वरच्या फळीवरचं सफरचंद काढलं. तीसपैकी अठ्ठावीस. मी चष्मा काढला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिने उठून मला मिठी मारली. थेरपिस्ट फाइलमध्ये काहीतरी लिहीत होती, तिने वर बघितलं नाही. मला वाटलं, कामात आहे.

घरी मात्र हात तसाच असल्यासारखा वाटायचा. वरच्या कप्प्यातला डबा निघायचा नाही, केस विंचरताना कोपर खाली यायचं. मी मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, दिवसभराचा थकवा असतो आई, तिथे तू ताजीतवानी असतेस. थकवा हा या रोगाचा खराखुरा भाग आहे, तेव्हा मला ते पटलं. मला पटवून घ्यायचं होतं, हेही आहेच.

फेब्रुवारीत मी मायला फोन केला आणि सांगितलं की यंदा आखाजीच्या पोळ्या मी करणार, वहिनीला म्हणावं रस काढ फक्त. मायने दोनदा विचारलं, "कसा शे तुना हात?" मी म्हटलं, तीसपैकी अठ्ठावीस. तिला ते काय कळणार, पण माझा आवाज कळला असावा. बरं म्हणाली. त्या वेळी मुलगी माझ्या शेजारी सोफ्यावर बसली होती. हे मला नीट आठवतं, कारण फोन ठेवल्यावर ती लगेच उठून पाणी प्यायला गेली.

आखाजीच्या दिवशी चुलीपुढे मी अकरा वाजता बसले. ऊन रणरणत होतं, म्हणून मी आधी डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता, गार ताक प्यायले होते, सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. घरातली माणसं दारात जमली होती. भाऊ मोबाइल धरून उभा होता. मी पोळी भरली, लाटली आणि हातांवर घेतली.

डावा हात वर गेला. उजवा गेला असं मला वाटलं. पोळी कलली, उजवीकडे ओघळली आणि कोपराशी फाटून पुरणासकट माझ्या पदरावर पडली. दुसरी घेतली. तिला मी खापरापर्यंत नेलं, पण डावा हात पुढे आणि उजवा वितभर खाली, त्यामुळे ती अर्धी खापरावर आणि अर्धी चुलीत गेली. पुरण जळल्याचा वास सगळ्या घरात पसरला. तिसरी मी घेतलीच नाही.

सगळे एकदम बोलायला लागले. वहिनी म्हणाली, छान झाली होती, जरा कडेला फाटली इतकंच. भाऊ म्हणाला, पुरण तर तेच ना, आम्ही अशीच खातो. हे म्हणाले, उष्णतेने झालं, नाहीतर जमलीच होती. मुलगी दारातच उभी होती. माय उठली, चुलीतून अर्धी पोळी चिमट्याने काढली, माझ्या पदरावरची गोळा केली आणि वहिनीच्या हातात ताटली देऊन म्हणाली, "गायले टाक."

सगळ्यांसमोर. एकोणपन्नास वर्षांच्या, आजारी लेकीला. मी तिथून उठून मागच्या ओट्यावर जाऊन बसले आणि माझ्या मनात आलं की जगात माझं असं कुणी नाही. परतीच्या वाटेवर गाडीत मला मायचा राग आला होता. बाकीचे सगळे किती चांगले, असं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात क्लिनिकमध्ये नेहमीची थेरपिस्ट रजेवर होती. तिच्या जागी पन्नाशीच्या एक बाई होत्या. मुलगी खाली रिक्षावाल्याला सुटे पैसे देत थांबली होती, मी एकटीच वर आले. बाईंनी माझी फाइल उघडली, चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला, रिमोट बांधला आणि सहज विचारलं, "मॅडम, मदत नेहमीइतकीच ठेवू ना?"

मी विचारलं, कसली मदत?

त्यांना वाटलं मला माहीत आहे. त्या सरळपणे सांगायला लागल्या. हात फार उचलत नसेल तर खेळ त्यात आपली भर घालतो. तुम्ही वितभर उचललात तर तो हातभर दाखवतो. सुरुवातीला पेशंटचा हिरमोड होऊ नये म्हणून हे करतात आणि मग दर दोन आठवड्यांनी मदत थोडी थोडी कमी करत जातात. तुमची मात्र अजूनही पूर्ण आहे. फाइलमध्ये नोंद आहे, घरच्यांच्या विनंतीवरून कमी केलेली नाही.

माझ्या डोळ्यांवर तो डबा होता. समोर हिरवी बाग होती, तीन फळ्या भरून सफरचंदं होती आणि तो गोरा हात माझी वाट बघत अधांतरी उभा होता. मला माझा हात कुठे आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही, हे माझ्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि आठ महिने, आठवड्यातून दोनदा, माझे डोळे झाकून, त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माझा खरा हात दिसत होता. मला सोडून. मी वरच्या फळीवरचं सफरचंद काढून रडले, तेव्हा माझा हात छातीशी होता आणि माझी मुलगी तो बघत होती.

मी चष्मा काढला, आज नको म्हणाले आणि लिफ्टची वाट न बघता कठडा धरून जिने उतरले.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात मुलीला समोर बसवलं. ती मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली. तू सांगितलंस का त्यांना, मदत कमी करू नका म्हणून? हो म्हणाली. बाबांना माहीत आहे? हो. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, दुसऱ्या महिन्यात त्यांनी एकदा कमी केली होती, त्या दिवशी तुला तीसपैकी तीन मिळाले. तू घरी येऊन जेवली नाहीस आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. बाकीच्या दिवशी तू तिथून बाहेर आलीस की हसायचीस, आई. उसाचा रस प्यायचीस. दोन वर्षांत तू हसली नव्हतीस.

ते तीन गुण मला आठवले. मशीन बिघडलं होतं असं मला तेव्हा सांगण्यात आलं होतं.

आता एक कबुली मला दिली पाहिजे. शाळेत मी कुणाला अर्धा गुण वाढवला नाही, पण ही पाच वर्षांची असताना सापशिडीत मी हिला जिंकवायची. माझी सोंगटी मुद्दाम सापाच्या तोंडात नेऊन ठेवायची. आठव्या वर्षी तिच्या ते लक्षात आलं, तेव्हा तिने तो पट फाडला आणि मला म्हणाली की आतापर्यंतचे सगळे डाव रद्द. त्यामुळे फसवून जिंकवलेल्या माणसाला काय वाटतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मी तिला हे बोलून दाखवलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, "मी मायला फोन केला तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस."

तिचे हात थांबले. खेळात जिंकवलं हे मी एक वेळ गिळलं असतं. पण आखाजीला चाळीस माणसं जमतात त्या घराला मी शब्द देत होते आणि तो शब्द कशावर उभा आहे हे तिला माहीत असून तिने मला देऊ दिला, पाणी प्यायला उठून गेली आणि नंतर चुलीपुढे मला तोंडघशी पडताना दारात उभं राहून बघितलं. ती रडायला लागली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं नाही, आणि असं मला तिच्या जन्मापासून कधी झालं नव्हतं.

पुढचे अकरा दिवस आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारख्या राहिलो. यांनी दोनदा मध्यस्थी करून बघितली. मी म्हटलं, तुम्ही तर बोलूच नका.

क्लिनिकला मी एकटीच गेले. नेहमीची थेरपिस्ट परत आली होती, तिचा चेहरा उतरलेला होता. मी मदत बंद करायला सांगितली, पूर्ण. गोरा हात मांडीपासून उठला, खालच्या फळीपर्यंत गेला, थरथरला, एक सफरचंद धरलं आणि टोपलीच्या अलीकडे पाडलं. पाऊण तासात तीसपैकी सात. टाळ्या सात वेळा वाजल्या. चष्मा काढल्यावर थेरपिस्ट हळूच म्हणाली की मॅडम, पहिल्या दिवशी तुमचा हात मांडीवरून सुटतही नव्हता, आता छातीपर्यंत येतो, तिनाचे सात झालेत, हे खरे आहेत. म्हणजे आठ महिन्यांत काहीतरी खरं घडत होतं आणि तेही मला कुणी सांगितलं नाही. त्या अठ्ठावीसपुढे हे चार गुण कुणाला सांगण्याजोगे वाटलेच नाहीत. त्या चारांसाठी मी रिक्षात बसून रडले.

त्या संध्याकाळी मी मायला फोन केला. आखाजीनंतर मी तिच्याशीही बोलले नव्हते. तिने हाताचं विचारलं नाही, वांग्याच्या भावाचं सांगितलं, गाय व्यायली ते सांगितलं. मीच मध्ये विचारलं, माय, माझी ती पोळी कशी झाली होती?

ती जराही थांबली नाही. म्हणाली, "फाटेल व्हती ना ती. गायले टाकी दिनी."

एवढं साधं वाक्य. पण आठ महिन्यांत माझ्या हाताबद्दल मला सरळ सांगणारं घरचं माणूस हे एकच, आणि मी सबंध वाटभर तिलाच दोष देत आले होते. तिने मला आजारी लेक म्हणून नाही, पोळी करणारी बाई म्हणून वागवलं होतं. मग माय म्हणाली, "पुढनी आखाजीले ताटलीएवढी कर."

अकरा वर्षांची असताना पंचा संपवून पहिल्यांदा पिठाला हात लावला, तेव्हा मला तिने ताटलीएवढीच करायला लावली होती.

फोन ठेवला तेव्हा मुलगी दारात उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. मी तिला न्हाणीघरातला पंचा भिजवून आणायला सांगितला. तिने आणला. मी तो हातांवर घेतला आणि तिला म्हटलं, समोर बस आणि उजवा हात कुठे आहे ते सांग. खोटं सांगायचं नाही.

पंचा उजवीकडे ओघळला.

"कुठे आहे?"

"खाली," ती म्हणाली. "बराच खाली आहे, आई."

मी पंचा उचलला आणि परत हातांवर घेतला.